गाव पाण्याखाली गेले, नाव तरी कागदावर राहू द्या



ऊस नोंदीचा फॉर्म आपणांस नवा नाही. सभासदाचे नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, उसाची जात, आडसाली की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, पाण्याचे साधन कोणते, एवढे रकाने भरले की चिटबॉयचे काम झाले आणि आमचेही झाले. पण शिवारात गेल्यावर 'ऊस कुठं आहे?' असे विचारले, तर कोणीही सभासद गट नंबर सांगत नाही. तो सांगतो, 'चिंचेच्या मळ्यात', 'दरडीला', 'खारीत', नाही तर 'जुन्या गावाच्या अंगाला'. या नावांना आमच्या फॉर्मवर रकाना नाही. तलाठ्याच्या दप्तरात, सातबाऱ्यावर, 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना आहे खरा. पण ही नावे खरी जिवंत आहेत ती माणसांच्या तोंडी, आणि ती माणसे आता थकत चालली आहेत.

यातले 'जुन्या गावाच्या अंगाला' हे उत्तर जायकवाडीच्या काठाने फार ऐकू येते. जुने गाव म्हणजे कोणते, ते कोठे होते, त्याची वेस कोणीकडे तोंड करून होती, पाणवठा कोणत्या बाजूला होता, हे विचारावे तर घरातला तरुण मुलगा आजोबांकडे बोट दाखवतो. आजोबा हयात असले तर ठीक. नसले तर ते गाव दुसऱ्यांदा बुडाले असे समजावे. आज आम्ही जे मत मांडणार आहोत ते एवढेच आहे. आपल्या कार्यक्षेत्रातल्या प्रत्येक गावाने, आणि त्यातही धरणामुळे उठलेल्या प्रत्येक गावाने, आपला इतिहास व भूगोल आता लिहून काढावा. त्यासाठी फार तर आणखी दहा वर्षे हाताशी आहेत. त्यानंतर सांगणारे कोणी उरणार नाही.

परातीएवढे पसरलेले पाणी

प्रथम थोडा भूगोल पाहू. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हापासून गोदावरीवर मोठे धरण बांधण्याचा विचार चालू होता. तेव्हाची जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी या गावाजवळची होती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर जागा बदलली आणि धरण नदीच्या वरच्या अंगाला, सुमारे शंभर किलोमीटरवर, पैठणला बांधायचे ठरले. पण प्रकल्पाचे नाव जायकवाडीच राहिले. म्हणजे धरण आले पैठणला आणि त्याला नाव मिळाले बीडकडच्या एका लहानशा खेड्याचे. आज जायकवाडी हे नाव विधानसभेत रोज घेतले जाते, वर्तमानपत्रात रोज छापले जाते. पण त्या गावाविषयी दोन वाक्ये सांगू शकेल असा माणूस शंभरात एक तरी भेटेल की नाही, याची आम्हाला शंका आहे. नाव जगभर झाले आणि गाव कोणाला माहीत नाही, असा हा प्रकार.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीचा बांध, २७ दरवाजे, एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे १०२ टीएमसीच्या वर. त्यातला उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर. डावा कालवा २०८ किलोमीटर परभणीकडे, उजवा १३२ किलोमीटर माजलगावकडे. जलाशयाला संत एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हणतात, हे आपणांस ठाऊक आहेच.

आता एक साधा हिशेब करू. एवढे पाणी साठवण्यासाठी सुमारे ३५ हजार हेक्टर जमीन पाण्याखाली गेली. एकूण साठ्याला या क्षेत्राने भागले की सरासरी खोली येते आठ-साडेआठ मीटर. म्हणजे जेमतेम एका विहिरीएवढी. याचे कारण गंगथडीची जमीन. पैठणच्या वर गोदावरीचे खोरे डोंगराच्या कुशीतले नाही. ते सपाट आहे, रुंद आहे आणि दोन्ही बाजूंनी भारी काळ्या मातीचे आहे. तांब्यात पाणी ओतले तर ते उभे राहते, परातीत ओतले तर पसरते. आपला नाथसागर ही परात आहे. ती पसरली ती बरडावर आणि माळावर नव्हे, तर नदीकाठच्या मळईवर, बागाईत विहिरींवर आणि शंभराहून अधिक गावांच्या शिवारांवर पसरली. काही गावे पूर्ण गेली, काहींचे गावठाण गेले, काहींचे गावठाण राहिले पण शिवार गेले. पैठण, गंगापूर, नेवासे आणि शेवगाव या चारही तालुक्यांत ही गोष्ट घडली.

हा भाग काही आडरान नव्हता. प्रवरेच्या काठी नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया यांनी उत्खनन केले, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीचे अवशेष तेथे सापडले. त्याच नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी लिहिली गेली. पैठण ही सातवाहनांची राजधानी. या दोन गावांच्या मधला नदीकाठ म्हणजे हजारो वर्षे पेरलेली, कसलेली, नांदती जमीन. प्रवरा-गोदावरी संगमावर दक्षिणेला टोके व प्रवरासंगम, उत्तरेला गंगापूर तालुक्यातले कायगाव. आज छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरला जाणाऱ्या रस्त्यावर लोक 'जुने कायगाव' आणि 'नवे कायगाव' असे दोन वेगळे शब्द वापरतात. एका गावाची दोन गावे का झाली, हे रस्त्याने जाणाऱ्या मुलाला कोण सांगणार?

पाणी आले ते कोणाच्या घरावरून आले?

हा विषय कारखान्याच्या पत्रिकेत कशाला, असे काही सभासद म्हणतील. त्याचे उत्तर सरळ आहे. आपला ऊस पाण्यावर उभा आहे. कालव्याखालचा ऊस, उपसा योजनेवरचा ऊस आणि जलाशयाच्या फुगवट्यालगत मोटारी टाकून भिजवलेला ऊस यांचे मूळ पाणी एकच. हे पाणी जेथे साठले तेथे कोणाचे तरी घर होते, कोणाची तरी विहीर होती, कोणाच्या तरी पूर्वजांची समाधी होती. आपल्या सभासदांच्या यादीत दोन्ही प्रकारचे लोक आहेत. पाणी मिळाले म्हणून उसाकडे वळलेले आहेत, आणि पाण्यामुळे उठून नव्या गावठाणात आलेले, पुढे पै-पै जमवून शेअर घेतलेलेही आहेत. वार्षिक सभेला दोघे शेजारी बसतात. एकाच्या उसाला दुसऱ्याने काय मोल दिले, हे पहिल्याच्या मुलांना ठाऊक असावे, असे आम्हाला वाटते. यात कोणाला कमीपणा नाही. उपकाराची जाणीव ठेवणारा माणूस पाणी जपून वापरतो. आज ठिबकवर ऊस घ्या म्हणून आम्ही गावोगाव सांगत फिरतो. त्या सांगण्याला जोर यायचा असेल तर पाण्याची खरी किंमत माणसाला कळली पाहिजे. ती युनिटच्या दरात कळत नाही.

आणखी एक गोष्ट. प्रकल्पामुळे उठलेल्यांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. पण धरण पूर्ण झाले तेही १९७६ सालीच. म्हणजे बहुतेक गावे उठली तेव्हा कायदा हातात नव्हता. होते ते सरकारी ठराव आणि अधिकाऱ्यांची मर्जी. कोणाला काय मिळाले, किती दिवसांनी मिळाले, ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्याला काय मिळाले, हे त्या काळच्या माणसांच्या तोंडूनच कळेल. कागदावर मोबदल्याचा आकडा असतो. त्या पैशात दुसरीकडे किती जमीन आली, हे कागद सांगत नाही.

जर्मनीतले एक उठलेले गाव

आपण सहकाराचा पहिला धडा जर्मनीतल्या खेड्यांकडून घेतला, हे पुष्कळांना माहीत नसेल. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन हा माणूस १८४५ साली व्हायरबुश नावाच्या डोंगराळ, गरीब खेड्यात नगराध्यक्ष म्हणजे आपल्याकडच्या सरपंचासारखा काम करू लागला. १८४६-४७ च्या दुष्काळात त्याने गावातल्या सधन लोकांना एकत्र आणून गरिबांना धान्य व भाकरी उधारीवर देण्याची व्यवस्था केली. त्यातून पुढे गावोगावच्या पतसंस्था उभ्या राहिल्या. त्या पाहून मद्रास सरकारच्या फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ ते १८९७ च्या सुमारास आपला अहवाल दिला, आणि १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्याच झाडाला पुढे १९५० साली प्रवरेच्या काठी लोणीला सहकारी साखर कारखान्याचे फळ धरले आणि मग आपल्यासारखे कारखाने आले. तेव्हा त्या देशातल्या खेड्यांकडून आणखी एखादी चांगली गोष्ट घेण्यास हरकत नसावी.

जर्मनीच्या मध्यभागी एडर नावाची नदी आहे. तिच्यावर १९०८ ते १९१४ या काळात दगडी धरण बांधले गेले. मुख्य हेतू जहाजांच्या कालव्याला पाणी पुरवणे हा होता. या धरणात आझेल, बेरिश आणि ब्रिंगहाउझेन ही तीन खेडी गेली. धरणाचा साठा सुमारे २०० दशलक्ष घनमीटर, म्हणजे सात टीएमसी. आपल्या जायकवाडीच्या चौदाव्या हिश्शाएवढा. दरी अरुंद व खोल असल्यामुळे पाणी सुमारे बारा चौरस किलोमीटरवरच पसरले. हिशेब केला तर एक टीएमसी पाण्यासाठी त्यांनी १७० हेक्टरच्या आसपास जमीन दिली, आणि आपण सुमारे ३४० हेक्टर. दुप्पट!

आझेल आणि ब्रिंगहाउझेन ही गावे जवळच्याच उंच जागी पुन्हा वसली. बेरिशच्या लोकांना मात्र दूर उत्तरेला, आरोल्झेन शहराजवळ जागा मिळाली. तेथे १९१२ च्या सुमारास त्यांनी नवे गाव वसवले आणि त्याला नाव दिले नॉय-बेरिश, म्हणजे आपल्या भाषेत 'नवे बेरिश'. आपल्या नव्या कायगावासारखेच! जुन्या गावात शेकडो वर्षांचे चर्च होते. ते उतरवून त्याचे भाग नव्या गावात नेले आणि तेथल्या चर्चच्या बांधकामात वापरले. आपल्याकडे जुन्या गावचा मारुती उचलून नव्या गावठाणात आणला जातो, त्यातलीच ही गोष्ट. देश निराळा, देव निराळा, पण उठणाऱ्या माणसाच्या मनातली भावना एकच.

पुढची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. उन्हाळा संपता संपता एडरचे पाणी खाली गेले की जुन्या गावांच्या पायांचे दगड, रस्ते आणि आझेलचा जुना पूल उघडा पडतो. तेव्हा लोक मुलांना घेऊन तेथे जातात, कोणाचे घर कोठे होते ते दाखवतात. जुन्या कबरी पाण्याने उकरल्या जाऊ नयेत म्हणून त्यांवर काँक्रीट घातलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात १६-१७ मे १९४३ च्या रात्री इंग्रज विमानांनी हे धरण फोडले, खालच्या खोऱ्यात मोठी प्राणहानी झाली. तीही हकीकत तेथे लिहून ठेवलेली आहे. धरणाला शंभरावर वर्षे उलटली. ते जुने गाव पाहिलेला एकही माणूस आता हयात असणे शक्य नाही. तरी गाव लोकांच्या माहितीत आहे, कारण वेळेवर लिहून ठेवले गेले.

त्या देशात ही रीतच आहे. पुष्कळ खेड्यांत गावाचा बखरकार म्हणावा असा एखादा माणूस असतो. बहुधा निवृत्त शिक्षक किंवा शेतकरी. पगार काही नाही. वर्षभरात गावात काय घडले, पाऊस किती पडला, कोण गेले, कोणते घर पडले, कोणती विहीर खोदली, हे तो नोंदवतो. शेतांची जुनी नावेही गोळा केली जातात. एडर ज्या हेसेन राज्यात आहे तेथे शेतांच्या नावांचा वेगळा संग्रहच आहे. आमच्या मते त्यात श्रीमंतीचा प्रश्न येत नाही. एक वही आणि एक चिकाटीचा माणूस एवढेच लागते. दोन्ही गोष्टी आपल्या प्रत्येक गावात आहेत.

शेताच्या नावात जमीन सांगितलेली असते

आम्ही शेतकी पदविका घेतलेली माणसे. आमचा धंदा मातीचा. म्हणून या कामाचा रोकडा उपयोगही सांगतो. आमच्या वाडवडिलांनी शेताला नाव उगाच ठेवले नाही. 'खारी' किंवा 'चोपण' नावाच्या तुकड्यात माती परीक्षण करा, क्षार निघण्याचा संभव मोठा. 'तळ्याचं' म्हणतात तेथे पावसाळ्यात पाणी धरणार आणि चार वर्षे सलग ऊस घेतला की जमीन चिबड होणार. 'मळई' म्हणजे नदीने आणलेला गाळ. तेथे ऊस जोमाने येईल, पण पुराची भीती धरून चालावे. 'बरड' म्हटले की मुरूम जवळ. अशा तुकड्यात ऊस लावूच नये, लावला तर ठिबक नि भरपूर सेंद्रिय खत हवे. खारवट अंगाच्या जमिनीत को ८६०३२ पेक्षा फुले २६५ बरी टिकते, हे आपण अनुभवाने जाणताच. पण जमीन खारवट आहे हे ऊस पिवळा पडल्यावर कळण्यापेक्षा लागणीआधी कळलेले बरे.

नव्या गावठाणात आलेल्या सभासदांची अडचण येथेच झाली. त्यांना जमीन मिळाली, पण जमिनीची माहिती मिळाली नाही. ज्या शिवारात सात पिढ्या घालवल्या तेथे कोणत्या बांधाखाली पाणी आहे, कोणत्या ओढ्याला कधी पूर येतो, हे पोरासोरांना ठाऊक होते. ते सारे ज्ञान पाण्याखाली गेले. नव्या जागेचे ज्ञान शेजारच्या गावातल्या जुन्या माणसांकडे होते, पण विचारायचे कोणी आणि सांगायचे कोणी? मग विहिरी कोरड्या निघाल्या, सखल तुकड्यात घरे बांधली गेली. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तेव्हा तर जुन्या खुणा आणखीच पुसल्या गेल्या. पुढे तरी असे होऊ नये असे वाटत असेल तर प्रत्येक गावाच्या शिवाराचा एक हाताने काढलेला नकाशा, शेतांच्या नावांसह, गावात असला पाहिजे. चर काढून निचरा करायचा असो की नवी बोअर घ्यायची असो, आमच्यासारख्या अधिकाऱ्यालाही त्याचा पहिला उपयोग होईल.

हरकती आणि त्यांची उत्तरे

हा विचार बोलून दाखवल्यावर दोन-तीन हरकती आमच्या कानावर आल्या. त्यांचा विचार करणे योग्य होईल.

पहिली हरकत, 'जुनं उकरून काय मिळणार? झालं ते झालं.' असे म्हणणारे बहुधा स्वतः उठलेले नसतात. जे उठले ते विसरलेले नाहीत. दुष्काळी सालात जलाशय मृतसाठ्याच्या घरात गेला आणि काठ उघडा पडला की म्हातारी माणसे चिखल तुडवत जुन्या गावाच्या बाजूला जाऊन येतात. त्यांना कोणी बोलावलेले नसते.

दुसरी हरकत, 'यातून जुनी भांडणे वर येतील.' ही हरकत आम्ही हलकी समजत नाही. मोबदल्यात कोणी दोन पैसे जास्त घेतले, कोणाचे नाव यादीतून राहिले, हे विषय अजून दुखरे आहेत. पण न लिहिल्याने भांडण मिटत नाही. ते तोंडातोंडी वाढते आणि दर पिढीला त्यात थोडी भर पडते. आमची सूचना अशी की गावाच्या वहीत प्रथम जे सर्वांना मान्य आहे ते लिहावे. जेथे दोन मते असतील तेथे दोन्ही लिहावीत आणि पुढे जावे.

तिसरी हरकत आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'गावाचा इतिहास म्हणजे पाटील-देशमुखांचा इतिहास होईल, आमचं कोण लिहिणार?' ही भीती खरी आहे. पुष्कळ ग्रामइतिहासांत चार घराण्यांच्या वंशावळी आणि देवळाचा जीर्णोद्धार यांपलीकडे काही सापडत नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीला किती अंतरावर जागा मिळाली, नदीवर जगणाऱ्या भोई-कोळ्यांचे पात्राचे तळे झाल्यावर काय झाले, बलुतेदारांचा धंदा नव्या गावात चालला की बसला, सालगड्याला मोबदल्यातून काय मिळाले, हे लिहिले नाही तर तो गावाचा इतिहास नव्हे. आणि बायकांना विचारल्याशिवाय तर तो अर्धाही होणार नाही. पाणवठा कोठे होता, नदीला पाणी किती असे, जात्यावर कोणत्या ओव्या म्हणत, घर सोडताना चुलीचे काय केले, हे पुरुषांना आठवत नाही. म्हाताऱ्या आज्यांना आठवते. गावातून लग्न होऊन बाहेर गेलेल्या लेकींकडे तर जुने गाव अधिक स्वच्छ राहिलेले असते, कारण त्यांनी नवे गाव फारसे पाहिलेलेच नाही.

काय करावे

आमच्या सूचना थोडक्या आहेत व बिनखर्चाच्या आहेत.

(१) प्रत्येक गावात एक जाड वही घालावी. ती सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात राहावी. लिहिणारा एखादा निवृत्त गुरुजी, पोस्टमन किंवा शिकलेली सून असावी.

(२) १९७६ पूर्वीचे गाव डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांची यादी प्रथम करावी. त्या साली वीस वर्षांचा असलेला गडी आज सत्तरीत आहे. ज्यांनी स्वतः घर मोडून नेले, मोबदल्याचे कागद सहीने घेतले, ते ऐंशीच्या पुढे आहेत. म्हणून वयाने सर्वांत मोठ्यापासून सुरुवात करावी.

(३) जुन्या गावाचा नकाशा त्यांच्याकडून जमिनीवर काठीने काढून घ्यावा आणि मग कागदावर उतरवावा. वेस, चावडी, देवळे, विहिरी, पाणवठा, पांदण रस्ते, प्रत्येक आळी. कोणाच्या घराशेजारी कोणाचे घर, एवढे विचारत गेले की सारे गाव उभे राहते. घरात मोबाईल आहेच. त्यावर बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे.

(४) शिवारातल्या शेतांची, ओढ्यांची, बांधावरच्या मोठ्या झाडांची नावे लिहावीत. जुन्या व नव्या दोन्ही शिवारांतली. सोबत जमिनीचा पोत लिहावा.

(५) घरात सेतवार, १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, संपादनाची नोटीस, जुनी छायाचित्रे असतील तर त्यांचे फोटो काढून वहीला जोडावेत. मूळ कागद मालकाकडेच राहू द्यावा. तो कोणाच्या हाती देऊ नये.

(६) लिहून झाले की ग्रामसभेत मोठ्याने वाचावे. चुका तेथेच दुरुस्त होतील.

आमच्या कार्यालयातर्फे एवढेच सांगू शकतो की गटवार फिरणारे आमचे कर्मचारी ऊस नोंदीबरोबर शेताचे नावही विचारतील आणि नोंदवहीच्या कोऱ्या बाजूस लिहितील. त्यास आपण सहकार्य करावे. संचालक मंडळाला आमची नम्र विनंती आहे की या पत्रिकेचे एक पान दर अंकी एका गावाला द्यावे. साखर उताऱ्याचे आकडे आपण छापतो, ते छापलेच पाहिजेत. पण उतारा ज्या मातीतून येतो त्या मातीचे नाव छापण्याससुद्धा एक पान निघावे.

धरणे झाली ती वाईट झाली असे आमचे म्हणणे नाही. गंगथडीच्या खालच्या अंगाला ज्या शिवारात एक कोरडवाहू ज्वारी येत होती तेथे आज ऊस, मोसंबी, कापूस उभा आहे. मुले शिकली, बँका आल्या, आपला सहकार उभा राहिला. हे पाणी नसते तर हा अंकही आपल्या हाती नसता. पण मोठ्या कामाचा हिशेब जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंनी लिहावा लागतो, हे सहकारातल्या माणसाला सांगायला नको. जमेची बाजू सरकारने लिहिली, कालव्यांच्या लांबीत आणि हेक्टरांत लिहिली. नावेची बाजू कोरी आहे. ती आपणच लिहावयाची आहे, कारण ती नावे आपल्या गावांची आहेत.

गळीत हंगाम सुरू झाला की कोणाला सवड मिळणार नाही. तोडणी, वाहतूक, पाळीपाळीचे पाणी यांत चार-पाच महिने जातील. म्हणून पावसाळ्याचे हे मोकळे दिवस वाया घालवू नयेत. संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला नुसते एवढे विचारावे, 'आबा, जुन्या गावात आपलं घर कुठल्या आळीला होतं?' पुढचे ते सांगतीलच. आपण लिहून घ्यावे.

जय किसान! जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी